मागे जाताना न अडणारी गाडी

माणसांवर मी चटकन भरवसा टाकत नाही. भाजीवाल्याचा तराजू, दूधवाल्याचं माप, शाळेतल्या पोरांचं "मॅडम, पेट में दर्द है", सगळं मी एकदा उलटसुलट करून पाहते. विज्ञान शिकवते ना, खोडच लागलीय. पण माझ्या गाडीवर माझा भरवसा होता. म्हणूनच तिने दगा द्यायला सुरुवात केली तेव्हा मला पहिल्या दिवसापासून वाटत होतं की हे एकट्या गाडीचं काम नाही, यात कुणाचा तरी हात आहे.

गाडी ऑटोमॅटिक. क्लच नाही, डाव्या पायाला काम नाही. माझ्या डाव्या पायात गुडघ्याखाली सळई आहे, म्हणून तसली घेतली. पाय मोडला त्याला बरीच वर्षं झाली. दापोऱ्याला दिरांकडे गेलो होतो. परत येताना रस्त्यावर ट्रकमधून सांडलेली केळीची ओली पानं होती, त्यावरून स्कूटर घसरली. चालवत होते आमचे हे. त्यांना नुसतं खरचटलं, माझा पाय स्कूटरखाली आला. त्या दिवसानंतर यांनी कुठल्याही गाडीच्या हँडलला हात लावला नाही. घरापासून आपल्या सुताच्या दुकानापर्यंत पायी जातात, लग्नकार्याला बसने जातात. मी गाडी घेतली, शिकले, लायसन काढलं, पण माझ्या शेजारच्या सीटवर हा माणूस एकदाही बसला नाही. "तू हो पुढे, मी येतो मागून," एवढंच. बाईच्या हातची गाडी नको, हेच ना? म्हणा की मग तोंडाने! पण तोंडाने ते काहीच म्हणत नाहीत. त्या अपघाताबद्दल तर आजवर एक शब्द नाही.

माझी शाळा धूलकोटला, हिंदी माध्यमाची. बदली होऊन गेले तेव्हा सगळ्यांना वाटलं होतं, चार दिवस जाईल आणि रद्द करून घेईल. मी नाही करून घेतली. बसच्या पायऱ्या मला चढवत नाहीत, आणि चढले तरी उभं राहवत नाही, पण गाडी होती. सकाळी राजपुरा मोहल्ल्यातल्या आमच्या गल्लीतून गाडी काढायची, गाव मागे पडलं की केळीचे मळे, मग कपाशी, मग चढ आणि साग. तेवढा रस्ता माझा असायचा. शाळेत पोचले की मुली गाडीचा आवाज ऐकून फाटकाशी यायच्या. मला माझ्या त्या वर्गाची हाव आहे, सरळ सांगते. घरात मी कुणाची तरी बायको, कुणाची तरी वहिनी. तिथे मी मॅडम.

तर श्रावणात गाडी बंद पडायला लागली.

बंद कशी, तेही सांगते. पळताना काही नाही. पी मध्ये, म्हणजे पार्किंगच्या गिअरमध्ये उभी केली, तर तासभर गुरगुरत राहील. पण गिअर पुढे जायच्या डी मध्ये, ब्रेकवर पाय आणि गाडी जागेवर उभी, अशी वेळ आली की स्टीअरिंगमध्ये एक थरथर यायची, इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा खाली खाली जायचा आणि फुस्स. चौकात, फाटकापाशी, बैलगाडीच्या मागे. पुन्हा चालू केली की लगेच चालू. काही झालंच नव्हतं असा चेहरा करून!

पहिला संशय पेट्रोलवर. पंप बदलला. दुसऱ्या पंपावर भरलं, मग इच्छापूरच्या बाजूला जाऊन तिसऱ्या पंपावर भरलं. गाडी बंद पडायची ती पडतच राहिली.

मग मेकॅनिक. आमच्या नेहमीच्या मेकॅनिकचं गॅरेज बायपासच्या बाजूला आहे. गप्पिष्ट माणूस, अर्धं मराठी अर्धं हिंदी. मी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले आणि त्याच्या हातांवर नजर ठेवून राहिले. त्याने यंत्र लावलं, आकडे पाहिले, म्हणाला, "मॅडम, इंजिनला हवा जास्त होऊन राहिली, पेट्रोल कम." वरचं काळं झाकण काढून आत डोकं घातलं आणि मध्येच थांबला. हात छातीला लावल्यासारखा केला आणि माझ्याकडे वळून हसला. "घर में पूजापाठ अच्छा चलता है वाटतं."

मी म्हटलं, "माझ्या पूजेचं सोडा, इंजिनचं बोला."

काय बोलणं हे! मला वाटलं, टोमणा मारतोय. देवाचं नाव घेऊन गाडी चालवता, असं म्हणायचं असेल याला. किंवा मला बोलण्यात गुंतवून भलतंच काही बदलायचं असेल. त्याने प्लग बदलले, हवेच्या तोंडाशी साचलेली काजळी साफ केली, झाकण लावलं. "एकदम चकाचक." गॅरेजच्या दारातून बाहेर पडून रस्त्यावर जागा मिळायची वाट पाहत थांबले आणि त्याच्याच डोळ्यांदेखत गाडी बंद पडली. दुसऱ्या खेपेला त्याने पेट्रोलचा पंप काढून पाहिला. तिसऱ्या खेपेला मान हलवली. "मॅडम, अब ये गिअरबॉक्स का मामला आहे. इंदूरला न्यावी लागेल." खर्चाचा अंदाज ऐकून मी चहा तसाच ठेवला. कुठेतरी पाणी मुरत होतं. हा मला लुटतोय की याला खरंच कळत नाही, दोन्हींपैकी काय वाईट हेच मला ठरवता येईना.

त्यात दापोऱ्याचे भाऊजी, म्हणजे माझे दीर. केळीचा घड घेऊन आले, ओट्यावर टेकवला आणि पाणी प्यायच्या आधी विचारतात, "वहिनी, गाडी त्रास देते म्हणे? देऊन टाका ना मला. मळ्यात न्यायला-आणायला होईल."

बंद पडणारी गाडी याला कशाला हवी? आणि याला सांगितलं कुणी? मी यांच्याकडे पाहिलं. हे घडातली एक एक फणी मोजल्यासारखी निरखत बसले होते. दोघा भावांत काही तरी शिजतंय असा भुंगा माझ्या डोक्यात शिरला तो तिथून.

भाद्रपदात ते व्हायचं ते झालं. धूलकोटच्या चढावर पुढे केळीचा ट्रक होता, वळणावर तो थांबला म्हणून मी थांबले. डी मध्ये, ब्रेकवर पाय. थरथर आली. मी म्हटलं, बाई गं, इथे नको. बंद! स्टीअरिंग दगडासारखं झालं, ब्रेक कडक झाला, आणि गाडी मागे सरकायला लागली. मागे बस होती. दोन्ही पाय ब्रेकवर रोवून मी हँडब्रेक ओढला, सळईच्या पायातून कळ डोक्यापर्यंत गेली. बसचा हॉर्न अजून कानात आहे. हातभराच्या अंतरावर थांबले. कंडक्टर उतरून आला, मधलं अंतर हाताने मोजून परत बसमध्ये चढला, हे जास्त लागलं.

बसमध्ये आमच्या बाजारातलं कुणी तरी होतंच. मी संध्याकाळी घरी पोचायच्या आत गोष्ट दुकानात पोचली होती. हे दारात उभे. एरवी कधी आवाज न चढवणारा माणूस, पण त्या दिवशी म्हणाले, "आता पुरे. नोकरी सोड."

"गाडी बिघडली म्हणून नोकरी सोडू?"

"निवृत्ती घे. घेतातच लोक. दिवाळीपर्यंत गाडी नीट झाली तर झाली. नाही तर अर्ज दे."

"आणि अर्ज नाही दिला तर?"

यावर ते आत निघून गेले. रागाने माझे कान तापले होते. पण खरं सांगायचं तर त्या वळणानंतर माझ्याच हातांना घाम सुटायला लागला होता, त्यामुळे दिवाळीची मुदत मी मनातून मान्य केली. दिवाळीपर्यंत कारण सापडलं पाहिजे, नाही तर माझा वर्ग गेला. डोक्यात दुसरं काही राहिलं नाही.

आणि मग मला किल्ली दिसली.

किल्ली दाराजवळच्या खिळ्यावर असते. मी ती नेहमी एकाच बाजूने अडकवते, तिला लावलेलं घुंगरू भिंतीकडे. सर्वपित्री अमावास्येच्या आदल्या आठवड्यात सहज आठवलं की मध्ये मध्ये घुंगरू बाहेरच्या बाजूला असतं. घरात माणसं दोन. त्यांतला एक गाडीला हात लावत नाही म्हणतो. मग किल्ली फिरते कशी?

सवाष्णीच्या घरात रांगोळीला काय तोटा! त्या रात्री झोपण्यापूर्वी बॉनेटच्या फटीवर रांगोळीची बारीक रेघ ओढून ठेवली. कुणी बॉनेट उचललं तर रेघ मोडणार, आणि पुन्हा तशीच ओढणं पुरुषाच्या बोटांना जमायचं नाही. एक दिवस गेला, रेघ शाबूत. दुसरा गेला, शाबूत. अमावास्येच्या सकाळी उठून पाहिलं तर रेघ विस्कटलेली, आणि मोरीत हे साबणाने हात घासत होते. पाणी काळं निघत होतं.

"काय हो, एवढ्या सकाळी?"

"दुकानातलं तेल," म्हणाले.

सकाळी उठल्याबरोबर कुठलं आलं दुकानातलं तेल! आत जाऊन कणीक मळायला घेतली आणि परात एवढी आपटली की शेजारीण विचारायला आली. म्हणजे हे खरं होतं. नोकरी सोड म्हणणारा, भावाला गाडी द्यायला निघालेला, हा माणूस पहाटे उठून माझी गाडी बिघडवत होता. मला तोंडावर अडवायची हिंमत नाही, म्हणून इंजिनात हात घालून अडवतोय! मला रडू आलं, आणि रडू आल्याचा आणखी राग आला.

मी बॉनेट उघडून पाहिलं. वर ते मोठं काळं झाकण, बाजूला नळ्या, तारा. काही तुटलेलं नाही, काही सुटलेलं नाही. म्हटलं, असू दे. पुराव्याशिवाय बोलायचं नाही, हे मीच वर्गात शिकवते. रोज रात्री रेघ ओढायला लागले. पण त्यानंतर रेघ मोडेचना. नवरात्र गेलं, दसरा गेला, कोजागिरी गेली, रेघ जशीच्या तशी. आणि गाडी मात्र बंद पडतच होती. सावध झालेत, मी म्हटलं. हे ताकास तूर लागू देणार नाहीत. जेवताना वाटी पुढे करत त्यांच्या चेहऱ्याकडे पाहायची, तर ते निमूट भात कालवत असायचे. एवढा साळसूद चेहरा मी कधी पाहिला नव्हता.

दिवाळीच्या सुट्ट्या लागल्या. शेवटच्या दिवशी मुलींनी विचारलं, "मॅडम, दिवाली के बाद आओगे ना?" मी फळा पुसत राहिले.

सुट्टीच्या पहिल्या सकाळी फराळाचं सामान आणायला निघाले. आमची गल्ली अरुंद, गाडी वळत नाही. रोज तोंड आतल्या बाजूला असलेली गाडी मागे मागे नेतच राजपुऱ्याच्या रस्त्याला काढावी लागते. त्या दिवशी गल्लीत कुणाच्या घरी रंगाची शिडी लागलेली, पुढे कुणाच्या तरी गाद्या वाळत घातलेल्या. पाच पावलं मागे, थांब. पुन्हा मागे, पुन्हा थांब. आर मध्ये, ब्रेकवर पाय, कितीतरी वेळ. शिडीवाला सावकाश उतरला, शिडी उचलली, माझ्याशी चार गोष्टीही बोलला. आणि गाडी चालूच! रस्त्यावर येऊन डी मध्ये टाकली, समोरून हातगाडी आली म्हणून थांबले, आणि बंद.

मी तशीच बसून राहिले. मागून हॉर्न वाजत होते, वाजू देत.

हे रोजचंच होतं की. रोज मी ही गल्ली उलटी पार करत होते, रोज थांबत होते, आणि मागे जाताना ही गाडी एकदाही बंद पडली नव्हती. अगं बाई! डोळ्यांसमोर होतं आणि मी पंपवाल्यावर, मेकॅनिकवर, नवऱ्यावर डोळे लावून बसले होते. पेट्रोल खराब असतं तर ते पुढचं-मागचं पाहिलं असतं का? प्लगला काय कळतं गाडीचं तोंड कुठे आहे? पुढे आणि मागे यांत इंजिनाला काय वेगळं होत असेल, तेवढंच शोधायचं होतं.

सामान राहिलं. कशीबशी गाडी परत गल्लीत आणून लावली, बॉनेट उघडलं, काळं झाकण उपसून काढलं. आता मला आत एक माणूस हवा होता. गिअर टाकून ब्रेक धरणारा, म्हणजे मला इंजिनाकडे बघता आलं असतं. घरात माणूस एकच, आणि तोच माझा आरोपी.

हे ओट्यावर पेपर वाचत होते. "या इकडे. गाडीत बसा."

"मी?"

"गाडी जागची हलवायची नाहीये. ब्रेक दाबून धरायचा आणि मी सांगेन तेव्हा दांडा हलवायचा. इंजिनाशी मी उभी राहणार. तुम्हाला तिथे उभं करणार नाही."

शेवटचं वाक्य मी मुद्दाम बोलले. त्यांनी ते ऐकलं, चेहरा उतरला, आणि तरी ते उठेनात. "नको," म्हणाले. "कुणाला तरी बोलाव."

"का? बिघडवता येते, बसता येत नाही?"

ते माझ्याकडे बघतच राहिले. मग पेपरची घडी घातली, चप्पल काढली, देवळात जावं तसे अनवाणी उतरले आणि ड्रायव्हरच्या सीटवर बसले. त्यांचे हात स्टीअरिंगवर नव्हते, मांड्यांवर रोवलेले होते. पकडला गेलाय माणूस, मी मनात म्हटलं. मागच्या चाकांना विटा लावल्या, पुढच्यांना लावल्या, आणि इंजिनाशी बाजूला जाऊन उभी राहिले.

"ब्रेक दाबा. पूर्ण. किल्ली फिरवा. आता डी."

गिअर पडला आणि अख्खं इंजिन मागच्या बाजूला कललं. चांगलं दोन बोटं कललं! मला हे माहीतच नव्हतं. पुढे जायला बघतं तेव्हा ते मागे झुकतं, आपण जड घागर ओढताना झुकतो तसं. त्याच्याबरोबर हवेची नळी ताणली गेली. जाड काळी रबरी नळी, पेटीच्या भात्यासारखी घड्यांघड्यांची. त्या नळीतून इंजिन हवा मोजून आत घेतं. ती ताणली, आणि खालच्या बाजूने आवाज आला, सुस्स. इंजिन थरथरलं आणि बंद पडलं.

"पुन्हा चालू करा. आता आर."

इंजिन दुसरीकडे कललं, भाता मिटला, आवाज नाही. चालूच राहिलं.

मग पुन्हा डी. पुन्हा सुस्स. मी वाकून नळीच्या खाली बोटं घातली. म्हटलं, चीर असणार, मोजलेल्या हवेखेरीज चोरटी हवा शिरतेय इथून. बोटांना चीर लागली नाही. दोरा लागला.

एका घडीत, नेमका खोबणीत, दोऱ्यांचा जुडगा. एकावर एक, किती तरी. खालचे तेलाने काळे झालेले, वरचा एक अजून लाल. गाठी सगळ्या खालच्या बाजूला, दिसू नयेत अशा. मी स्वयंपाकघरातली कात्री आणली आणि एक एक कापत गेले. कापता कापेना. बाजारातला पूजेचा नाडा असता तर उन्हापाण्याने कधीच कुजला असता. हे पक्कं सूत होतं, पॉलिस्टरचं, मागावर ताणलं तरी न तुटणारं, चार पदरी पिळून लाल रंगवलेलं. आणि गाठ तीच, जी सुताच्या धंद्यातला माणूस डोळे मिटूनही मारतो, जी सरकत नाही. ही गाठ माझ्या साडीच्या फॉलपासून गव्हाच्या पोत्यापर्यंत आमच्या घरात सगळीकडे आहे.

शेवटचा दोरा सुटला आणि त्याच्या खाली रबर कापलेलं दिसलं, अर्ध्या नळीपर्यंत, सुरीने कापावं तसं सरळ. इंजिनाच्या उष्णतेने मऊ झालेलं रबर, रोजचं कलणं, आणि वरून आवळलेलं पक्कं सूत. मेकॅनिक थांबला होता तो इथेच. पूजेचा दोरा, हात कोण लावणार! तिन्ही खेपांना त्याने तो दोरा तसाच ठेवून आजूबाजूचं सगळं इंजिन तपासलं.

जुडगा घेऊन मी खिडकीशी गेले.

"हे कुणी बांधलं?"

त्यांनी ब्रेकवरचा पाय काढला नव्हता. समोरच्या काचेकडे बघत म्हणाले, "मी."

"कधी?"

"दर अमावास्येला. जुना ढिला झालाय का बघायचो, आवळायचो, आणि नवीन बांधायचो."

"आणि मला सांगायला काय झालं होतं?"

"लिंबू-मिरची बांधली होती बंपरला. तू तोडून गटारात फेकलीस. शाळेतल्या मुलींना काय सांगू म्हणालीस. म्हणून आत बांधलं. तुला दिसू नये म्हणून."

"अहो पण इंजिनात! इतकी गाडी आहे, त्यात तुम्हाला हीच नळी मिळाली?"

"बाकी सगळं लोखंड होतं, गरम. हीच तेवढी गळ्यासारखी वाटली."

माझ्या डोक्यात संताप नुसता उकळत होता. मी त्यांना त्या चढावरच्या बसची आठवण करून दिली. म्हटलं, त्या दिवशी मी मेले असते ते तुमच्या या दोऱ्यामुळे, कळतंय का? नोकरी सोडायला निघाले होते मी या दोऱ्यापायी! गल्लीतली एक-दोन दारं उघडली. यांचे हात अजून मांड्यांवर तसेच होते. मग अगदी हळू म्हणाले,

"त्या दिवशी स्कूटरला काही बांधलं नव्हतं."

इतक्या वर्षांत त्या दिवसाबद्दल त्यांनी काढलेला हा पहिला शब्द होता. मला वाटत होतं, ते विसरले. मला वाटत होतं, पाय माझा मोडला, त्यांचं काय गेलं. आणि हा माणूस दर अमावास्येला, ज्या वस्तूला हात लावायचीही त्याला भीती वाटते तिचं दार उघडून, बॉनेट उचलून, अंधुक उजेडात चाचपत गाठी मारत होता. संशय माझा खरा होता. हात त्यांचाच होता.

"पाय काढा आता ब्रेकवरून," मी म्हटलं. "उतरा."

घरात सायकलची जुनी ट्यूब होती. तिची पट्टी कापून चिरेवर गच्च गुंडाळली, नवी नळी मिळेपर्यंत. गुंडाळायला दोन हात पुरेनात, तेव्हा पट्टीचं टोक त्यांनी धरलं. गाठ मात्र मी मारली. मग मी स्वतः सीटवर बसले, डी मध्ये टाकली, ब्रेकवर पाय ठेवला आणि थांबले. इंजिन कललं. सुस्स नाही. काटा जागचा हलला नाही. ते बॉनेटशी उभे राहून माझ्याकडे बघत होते आणि मी काटा सोडून त्यांच्याकडे बघत होते.

मेकॅनिकला मी नंतर चांगलं फैलावर घेतलं. तो म्हणाला, "मॅडम, धाग्याला आम्ही कसे हात लावणार? कुणी बांधला, किसलिए बांधला, आपल्याला काय माहीत." आणि नवी नळी बसवून दिली. यावर काय बोलणार! भाऊजींनाही फोन केला. ते म्हणाले, गाडी मागायला यांनीच सांगितलं होतं, "तिच्यापासून ती गाडी लांब ने" म्हणून. म्हणजे तोही संशय खरा निघाला. माझे संशय खोटे निघत नाहीत, एवढं तरी मला द्या.

लक्ष्मीपूजन अमावास्येचं. दुकानातली पूजा आटोपून हे संध्याकाळी घरी आले तेव्हा मी ओट्यावर पणत्या लावत होते. खिशातून काहीतरी काढून ते गाडीपाशी उभे राहिले. लाल, चार पदरी, पिळलेलं.

मी म्हटलं, "आता कुठे?"

"तू सांग."

मी किल्ली घेतली. "आत बसा."

ते बसले. डावीकडच्या सीटवर, माझ्या शेजारी, पहिल्यांदा. मी गाडी मागे काढली, रस्त्याला लावली. दिवाळीची गर्दी ती काय सांगू! चौकात पाऊल पुढे सरकेना. डी मध्ये, ब्रेकवर पाय. एका हाताने त्यांनी दाराच्या वरची कडी धरली होती, बोटं पांढरी होईपर्यंत.

"चालू आहे ना?"

"चालू आहे."

थोडं सरकलो, पुन्हा थांबलो.

"चालू आहे?"

"आहे हो. ऐका की."

ते ऐकत राहिले. तिसऱ्यांदा थांबलो तेव्हा त्यांनी विचारलं नाही. कडीवरचा हात काढला, मुठीतला दोरा त्या कडीला गुंडाळला आणि त्यांची ती न सरकणारी गाठ मारली. मी वाकून पाहिली. तिथे कापलं जाण्यासारखं काही नव्हतं. म्हटलं, राहू दे.

सुट्ट्या संपल्या. शाळा उघडायच्या दिवशी तयार होऊन आले आणि खिळ्याकडे हात नेला, तर किल्ली नाही. जुनी खोड जाते का लगेच! बाहेर आले तर हे गाडीपाशी उभे, किल्ली त्यांच्या मुठीत. अर्जाचं पुन्हा काढतात की काय, म्हणून मी भांडायला पदर खोचला.

त्यांनी किल्ली माझ्या हातावर ठेवली. "निघ," म्हणाले, "मुली वाट बघत असतील."